खरवईत कोणी पाठ करत नाही

उल्हासनगर, कॅम्प ४
रविवार, १२ जानेवारी २०२५

नेत्रा,

माझा टेस्टर तुझ्याकडे राहिलाय. पिवळ्या मुठीचा, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. सनीच्या हळदीला मांडवात वायर जोडून झाल्यावर मी तो तुझ्या पर्समध्ये टाकला होता, खिशात टोचतो म्हणून. तेवढा परत हवाय म्हणून लिहितोय. बाकी काही नाही.

फोन केला असता, पण तू मला ब्लॉक केलंयस. बरं केलंस. पत्र ब्लॉक होत नाही. पाकिटावर 'नेत्रा शशिकांत' एवढं लिहिलं आणि तुझ्या बाबांच्या नावापाशी पेन अडकलं. पेनच तसलं आहे. शेठचं आहे.

मी आता जीन्सच्या कारखान्यात लागलोय. शिवून आलेल्या पॅन्टींचे लोंबणारे धागे कापायचे, दिवसभर तेवढंच. संध्याकाळी नाक शिंकरलं तर निळं निघतं. शेठ सिंधी आहे, मला 'पुट' म्हणतो, म्हणजे मुलगा. सगळ्यांनाच म्हणतो, मशीन बंद पडली तर मशीनलाही म्हणतो. हा कागद पॅन्टीच्या घडीत घालायचा आहे, म्हणून इतका पातळ. जोरात लिहिलं की फाटतो.

मी मजेत आहे. लाइटचं काम सोडलं कारण कंटाळा आला. तुला वाटत असेल, त्या संध्याकाळमुळे सोडलं. तसं नाही. त्या संध्याकाळी जे झालं ते झालं. सनीने माइक घेतला, सगळे हसले, मी निघालो. संपलं.

सनी काय बोलला ते मात्र मला शब्दन् शब्द लक्षात आहे. एरवी मला काही लक्षात राहत नाही, तुला माहीत आहे. "मंडळी, ही समोर जोडी बसलीय ना, अल्पेश आणि नेत्रा, ही देवाने नाय जमवली, आम्ही जमवली! सेम टू सेम नाटकातल्यासारखी! मी आणि अभिजीत पत्र्याच्या बाहेर बसून खोटं खोटं बोललो, की नेत्रा ह्याच्यासाठी वेडी झालीय, आणि हा शहाणा आत बसून कान लावून ऐकत होता!"

लोक काय हसले! डीजेवाल्याने ढॅण् करून आवाजसुद्धा दिला.

तू पण हसत होतीस. मी बघितलं.

असो. टेस्टर पाठव. सनीकडे दिलास तरी चालेल.

अल्पेश

*

उल्हासनगर, कॅम्प ४
रविवार, २६ जानेवारी

नेत्रा,

टेस्टर आला नाही. पोस्टात हरवतात म्हणे. पण त्यासाठी आधी पाठवावा लागतो.

आज झेंडावंदन झाल्यावर कारखाना बंद. दालपकवानच्या गाडीवर गेलो. तोच काका होता. त्याने विचारलं, "वो लडकी किधर है, जो बोलती थी अंकल थोडा और डालो?" मी बोललो, गावी गेलीय. तो बोलला, "आएगी तो बोलना, दाल फ्री." तर तो निरोप देतोय. मी नसलो तरी तू जाऊन खाऊ शकतेस. माझा काही संबंध नाही.

रूमवर कोणी नाही, म्हणून विचार करत बसलोय की हे सगळं सुरू कुठून झालं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते माहीत नाही. ते सांगतो.

गेल्या मार्चमध्ये मी डेकोरेटरच्या गाडीतून लाइट घेऊन खरवईला आलो, तो फक्त चार दिवसांसाठी. तुमच्या जत्रेचं नाटक, शाळेच्या पडवीत तालीम. त्याच दिवशी तुमच्या हिरोला कांजण्या आल्या. तालीम घेता घेता बुधाजीकाकांनी मला वरून खाली बघितलं आणि बोलले, "उंची हाय, आवाज हाय. अक्कल नसली तरी चालंल." मी हो का बोललो, अजून कळत नाही. कोणी चल बोललं की मी निघतो, हाच माझा रोग.

नाटकाची काय गंमत होती! पुस्तकाची पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही, काका दर वेळी फळ्यावर नवीन नाव रंगवणार. गोष्ट तीच. एक फौजेतला पोरगा, एक वकिलाची पोरगी, दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. दोघंही लग्न करणार नाही म्हणून शपथा घेतात. मग मित्र काय करतात, तो बागेत लपलेला असताना मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं बोलतात, की ती बिचारी तुझ्यावर जीव टाकते पण सांगत नाही. तिकडे मैत्रिणी तिला तसंच ऐकवतात. दोघं पाघळतात. शेवटी कळतं की सगळं खोटं होतं, तर दोघं हसतात, हार घालतात, पडदा. मी तेव्हाच काकांना बोललो होतो, असं कोण फसतं? वेडे आहेत का?

आणि तू प्रॉम्प्टर. मी आधी कधी असला प्रकार बघितला नव्हता. आमच्या इथल्या मंडळात लोक पाठ करून येतात. खरवईत कोणी पाठ करत नाही. सगळे शिफ्टवरून थकून येतात, एक एमआयडीसीतून, एक रिक्षावरून, आणि तू विंगेत उभी राहून हळू आवाजात वाक्य देणार, त्यांनी ते उचलून जोरात बोलायचं. दोन तासांचं नाटक, सगळं तुझ्या तोंडून निघालेलं, आणि टाळ्या त्यांना. मला ते जमेना. तू सांगायचीस तेव्हा मी तुझ्याकडेच बघत राहायचो.

"समोर बघ, समोर! मी काय वकिलाची पोरगी आहे?"

"तू हळू सांग ना. एकदम तीन वाक्यं फेकतेस."

"तुला काय, घास करून भरवू?"

"बहिरा नाहीये मी."

"असतास तर बरं होतं. हातवारे करून दाखवले असते."

हिरॉइन जिज्ञासा होती, सनीची बहीण, पण गाव सगळं तुझं-माझं भांडण ऐकायला पडवीबाहेर उभं राहायचं. कौसाबाई तर सुपारी कातरत म्हणायची, "नाटक ह्योच ठेवा, तिकीट लावा."

मग तो दिवस. दुपार होती, सगळे जेवायला गेले होते. मी पत्र्यामागच्या खोलीत नाटकाच्या कपड्यांच्या ट्रंकेवर बसून एक बंद पडलेला स्पॉट लाइट खोलत होतो. बाहेर पायरीवर सनी आणि अभिजीत येऊन बसले. बागेचा पडदा रंग वाळायला तिथेच टांगला होता. त्यांना वाटलं आत कोणी नाही. म्हणजे मला वाटलं की त्यांना तसं वाटलं.

सनी बोलला, "तिने डबा आज पण तसाच परत नेला." मग बराच वेळ गप्प. मग, "ती भांडते कारण भांडताना तो तिच्याकडे बघतो." परत गप्प. पत्र्यावर कुठेतरी पारवा घुमत होता. अभिजीतने विचारलं, "मग सांगून का टाकत नाही?" आणि सनीने इतका वेळ घेतला, इतका वेळ घेतला की मी स्क्रू हातात धरूनच बसलो. "कशी सांगेल? तो आज इथे, उद्या तिथे. सांगितलं आणि तो निघून गेला तर?"

त्या गप्प बसण्यानेच मला मारलं. सनीसारखा माणूस, ज्याचं तोंड झोपेत पण चालतं, तो एकेका वाक्याला थांबतोय म्हणजे खरं असणार, त्याला वाईट वाटत असणार. असं वाटलं मला. मी नंतर बाहेर येऊन तोंड धुतलं. संध्याकाळी तुला डब्यातली भाकरी मागून खाल्ली. तू बोललीस, "मीठ जास्त झालंय." मी बोललो, "नाही झालं." तेवढ्यावर आपलं जमलं.

आठ महिने. अंबरनाथच्या देवळामागे ओढ्याच्या काठावर बसून तू मला पेपर वाचून दाखवायचीस, कारण मी अक्षर जोडत जोडत वाचतो. तिकडच्या दगडात कोरलेल्या हत्तींना तू नावं ठेवली होतीस. एकाचं नाव अल्पेश होतं, सोंड तुटलेल्याचं.

सगळं त्या पायरीवरच्या पाच मिनिटांवर उभं होतं, आणि ती पाच मिनिटं खोटी. तूच सांग आता मी काय करायचं होतं?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. सवय आहे.

अल्पेश

*

वांगणी
रविवार, १६ फेब्रुवारी

नेत्रा,

पत्ता बदलला. कॅम्प चारचं काम सोडलं. भांडण नाही झालं, शेठ उलट बोलला, "पुट, रुक जा." पण मला धागे स्वप्नात यायला लागले. आता इथे एका फार्महाऊसवर राखणीला आहे. मालक शनिवार-रविवार येतात, नाहीतर मी आणि एक कुत्रं आणि बावीस आंब्याची झाडं. पाण्याची पाळी असते. शेजारच्या बनूबाई मला भाजी देतात आणि बदल्यात त्यांच्या सगळ्या जावांच्या गोष्टी सांगतात. कुणाची जाऊ कुणाला काय बोलली हे मला आता तुझ्या नाटकापेक्षा जास्त माहीत आहे.

वांगणी आणि तुमचं बदलापूर, मध्ये एकही स्टेशन नाही. मी हे रोज मोजतो. मोजायला काय आहे त्यात, शून्य.

काल सनीला फोन केला. बायको, नवीन घर, पीओपी, सगळं सांगितलं त्याने. मग सहज बोलल्यासारखा बोलला, "नेत्राला बघायला आले होते." मी विचारलं, कोण? "अंबरनाथला सुपरवायझर आहे. चांगला आहे." मी बोललो, मस्त. आणि मग कुत्रं भुंकतंय असं सांगून फोन ठेवला. कुत्रं झोपलं होतं.

म्हणून आज खरं लिहितोय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की सनीने माइक घेतला, सगळे हसले आणि मी निघालो. मधलं एक गाळलं. तू वाचताना हसली असशील, किंवा फाडलं असशील, कारण तू समोरच होतीस.

सनी बोलल्यावर लोक हसत होते. तू हसत होतीस आणि अर्धी उठली होतीस, माइक मागायला हात पुढे केला होतास. मला वाटलं, आता ही पण उठून माझी मजा घेणार. माझ्या कानात नुसता डीजे वाजत होता. मी तुझ्या आधी सनीच्या हातातून माइक ओढला आणि बोललो, "म्हणजे तुम्ही लोकांनी पोरगी माझ्या गळ्यात मारली तर." सगळ्यांसमोर. हळदीच्या मांडवात. पहिल्या रांगेत तुझे बाबा बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. हसणं बंद झालं. तुझे बाबा उठले नाहीत. टोपी उचलली आणि डोक्यावर घातली, बस.

तुझा हात तसाच पुढे होता. मग खाली गेला.

मी रागाने बोललो असं सांगायला आवडलं असतं. मला लाज वाटली होती, नेत्रा. चारशे माणसांना माहीत होतं की मी मूर्ख आहे आणि मलाच माहीत नव्हतं. माझी लाज मी उचलली आणि तुझ्या डोक्यावर टाकली. तुझी काय चूक होती? तुलाही त्यांनी असंच फसवलं असणार. जिज्ञासाने नळावर तुला काहीतरी ऐकवलं असणार, की अल्पेश झुरतोय. आपण दोघं एकाच खड्ड्यात पडलो आणि मी बाहेर येताना तुझ्या खांद्यावर पाय दिला.

माफी मागतोय. टेस्टरचं राहू दे.

तो सुपरवायझर पेपर वाचतो का स्वतः?

अल्पेश

*

वांगणी
रविवार, ९ मार्च

नेत्रा, नेत्रा,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

बुधाजीकाका आले होते. सकाळी फाटकावर बघतो तर काका, हातात छत्री, एवढ्या उन्हात. जत्रेला बांबू बघायला वांगणीला आलो असं बोलले. बांबू कुठे बघितले नाहीत. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, मग कुत्र्याकडे बघत मला बोलले, "तू गाडव हाय."

मी बोललो, हो काका.

"तुना वाटतं, तुना फसवलं."

"फसवलंच ना. सनीने सगळ्यांसमोर सांगितलं."

"सनी आरधाच सांगतो. त्याला कदी पुरा डायलॉग आलाय?" मग जवळ सरकले. "मना एक सांग. सनी आनि अभिजीत धा वरसं माज्या नाटकान कामा करतान. त्यांना सोताच्या बापाचा नाव पन प्रॉम्प्टशिवाय येत नाय. मंग पायरीवर बसून येवरा चांगला ते कसा बोलले? त्यांना कोन सांगत होता?"

नेत्रा, मला तेव्हा ते थांबणं आठवलं. प्रत्येक वाक्याच्या आधी सनीचं थांबणं. मी वीस दिवस तुमच्या पडवीत उभा होतो, रोज बघत होतो की नट आधी थांबतो, मग कान लावतो, मग बोलतो. आणि माझ्यासाठी थांबला तेव्हा मला वाटलं, त्याचं मन भरून आलंय.

बागेच्या पडद्यामागे तू होतीस.

काकांनी सगळं सांगितलं. आधी पोरींनी तुझ्यावर डाव टाकला, जिज्ञासाने नळावर ऐकवलं, आणि तू घडा भरता भरता हसलीस, कारण पाठ केलेलं बोलणं कुणाचं हे तुला नाही कळणार तर कुणाला. मग तू काकांकडे गेलीस. काका तुझा आवाज काढून सांगत होते: "काका, त्या खोटा बोलतान. पन मना खरा सांगायचाय, नि माज्या तोंडातून निघत नाय. तुमी त्या दोगांना बसवा. मी सांगते त्यांना."

डबा तू खरंच परत नेत होतीस. भांडताना मी तुझ्याकडे बघतो, हे तुझं वाक्य. निघून गेला तर, हे तुझं. ती पाच मिनिटं तेवढी खरी होती, बाकी माझ्या आयुष्यात कोणी मला एवढं खरं बोललं नाही, आणि मी ते पोरगी गळ्यात मारली म्हणून चारशे लोकांना सांगितलं. तू माइक मागत होतीस ते हेच सांगायला ना? हसत हसत सांगणार होतीस. नाटकाच्या शेवटी सांगतात तसं.

मी काकांचे पाय धरले. काका बोलले, "माजे नको धरू, माजे दुखतान. शशिकांत पंधरा दिसांत सुपारी फोडील. पोरगी अजून हो बोलली नाय, नाय पन बोलली नाय. तुला यायचं त ये. पत्रा लिवत बसू नको."

आणि बघ, मी लिहीतच बसलोय. पण काकांकडे निरोप दिलाय, तो आज तुला मिळेल. उद्या सोमवारी सकाळी नऊच्या आत मी खरवईला येतो. आधी तुझ्या बाबांपुढे उभा राहणार. त्यांनी मारलं तर मार खाणार. हे पत्र मागून पोहोचेल, तोवर मी तुझ्या अंगणात असेन, आणि तू हे माझ्यासमोर वाचशील आणि अक्षराला हसशील.

शर्ट धुवून टाकलाय. बनूबाई इस्त्री देते बोलल्यात.

तुझा,
अल्पेश

*

वांगणी
सोमवार, २४ मार्च

नेत्रा,

मी आलो नाही. हे तुला कळवायची गरज नाही, तू वाट बघितलीस. तरी कुठून तरी सुरुवात करायला हवी.

त्या सोमवारी मी सातला निघालो. इस्त्रीचा शर्ट होता. स्टेशनच्या रस्त्यावर रोपवाल्याचा टेम्पो उभा होता, त्याचा माणूस आला नव्हता. तो बोलला, नेरळपर्यंत चल, दोनशे रोपं उतरवायचीत, दहापर्यंत परत सोडतो. मी घड्याळ बघितलं आणि चढलो. म्हटलं, दहा म्हणजे दहाच, नऊ काय आणि दहा काय. नेरळला दुपार झाली. मग दुपारी कसं जायचं, तुझे बाबा झोपले असतील. मग संध्याकाळी कसं जायचं, दिवेलागणीला. दुसऱ्या दिवशी त्याला अजून एक खेप होती. मग कर्जतला एका नर्सरीत माती भरायचं काम निघालं. तिथे एक म्हातारा होता, त्याला बोनसाय करता यायचं, तो मला वडाचं झाड कुंडीत कसं ठेवतात ते दाखवायला लागला, आणि मी ते बघत तेरा दिवस...

हे मी तुला असं सांगतोय जसं काही माझा पाय घसरला. पाय घसरला नाही. मला वाट माहीत होती. मला तुझ्या बाबांची टोपी दिसत होती, मांडीवरून उचलून डोक्यावर घालतानाची. मी घाबरलो. टेम्पो नसता तर मी दुसरं काही शोधलं असतं.

आज इथे परत आलो तर मालकांनी दुसरा राखणदार ठेवलाय. बनूबाईंच्या ओट्यावर बसून लिहितोय. त्या आज जावांबद्दल काही बोलत नाहीयेत.

काल रविवारी कर्जतहून थेट खरवईला आलो होतो. तू बघितलंस, पण माझ्या बाजूने सांगतो, सवयच लागलीय.

मला वाटलं होतं, अजून पंधरा दिवस संपले नाहीत. बोटांवर मोजून आलो होतो. शाळेपाशी पोचलो तर तालीम चालू. पुस्तक तेच, फळ्यावर नाव नवीन. पुढून यायची हिंमत झाली नाही. मागून पत्र्याच्या खोलीत शिरलो, त्याच ट्रंकेवर बसलो. खरं सांगू का कशासाठी? मला वाटलं, बाहेर कोणीतरी काहीतरी बोलेल. माझ्याबद्दल. मागच्या वेळेसारखं मला आत बसून ऐकू येईल आणि मग बाहेर जाणं सोपं होईल. इतका मी गाढव.

पत्रा जमिनीपासून वीतभर वर आहे. हे मी तेव्हाही बघितलं नव्हतं. माझे बूट बाहेरून दिसत होते. तेव्हाही दिसले असणार.

सनी फौजेतल्या पोराच्या मित्राचं काम करत होता. तू वाक्य देत होतीस, तो उचलत होता. बागेचाच प्रवेश. "अरे, ती बिचारी त्याच्यावर जीव टाकते," तू हळू, सनी जोरात. "पण सांगत नाही," तू हळू, सनी जोरात. मग तू थांबलीस. पान उलटल्याचा आवाज आला नाही. आणि मग तू त्याच आवाजात, तेवढ्याच हळू, पुस्तकात नसलेलं वाक्य दिलंस.

"त्याला सांग, ती दोन दिवस कामाला गेली नाही. अंगणात बसली होती."

सनी गप्प.

तू तेच परत सांगितलंस, नट अडकला की सांगतेस तसं, थोडं सावकाश. मग पुढचं. "तिसऱ्या दिवशी त्याचं पत्र आलं, की उद्या येतो."

कौसाबाईचा अडकित्ता थांबला.

"बोल ना सनी. गेल्या बुधवारी तिचा साखरपुडा झाला. तिने स्वतः हो सांगितलं. आता त्याने जावं."

सनी नाही बोलला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझं वाक्य उचललं नाही. नाहीतर मी नेहमीसारखं सनीचंच ऐकून गेलो असतो, त्याच्यावर चिडलो असतो, खोटं बोलतोय असं म्हणायला जागा राहिली असती. तो गप्प राहिला म्हणून मला फक्त तुझा आवाज आला. मधे कोणी नाही. मागच्या वेळी मला पारवा वाटला होता तो हाच आवाज.

मग तू घसा साफ केलास आणि बोललीस, "चला. पान बेचाळीस." आणि तालीम सुरू झाली.

मी मागच्या दाराने निघालो. टाकीपाशी सनी धावत आला. माझ्या हातात टेस्टर ठेवला. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला. मी विचारलं, तुझ्याकडे कधीपासून आहे हा? तो बोलला, "जानेवारीपासून. तिने दिला होता. बोलली, तो घ्यायला येईल तेव्हा दे. पोस्टाने पाठवू नको."

म्हणजे पहिलं पत्र पोचलं होतं. म्हणजे जानेवारीपासून मी फक्त येऊन घ्यायचं होतं.

मुठीवरची चिकटपट्टी नवीन आहे. माझी काळी होती, सुटत आलेली. ही लाल आहे, नीट गुंडाळलेली, शेवटचं टोक आत दाबलेलं. तू केलंयस का, हे मी सनीला विचारलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बनूबाईंचा मुलगा उद्या बदलापूरला जातो, तो नेतो बोलला होता, पण नको. तुझ्या घरात आता माझ्या पाकिटाचं काम नाही. तुझं वाक्य मला पोचलं, नेत्रा. पहिल्याच वेळी पोचलं होतं. परत द्यावं लागलं ते सनीसाठी.

अल्पेश